तपासणी झाली, पण बाई वाचली का?

परंडा किंवा भूम तालुक्यातल्या माणसाचं दुखणं हाताबाहेर गेलं की तो जिल्ह्याच्या ठिकाणाकडे जात नाही, बार्शीचा रस्ता धरतो. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे आणि परंडा-भूम हे तालुके तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. पण बाजार, एसटी आणि दवाखाना या तिन्हींची सोय बार्शीलाच. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली या रुग्णालयाच्या आधाराने एक काम सुरू झालं. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांमध्ये दर वर्षी किती माणसांना कर्करोग होतो, कोणता होतो आणि त्यांचं पुढे काय होतं, हे मोजायचं. भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी.

शहरातली नोंदणी तुलनेने सोपी. मुंबईत ती १९६३ पासून चालू होती. रुग्णालयं, प्रयोगशाळा आणि मृत्यूचे दाखले यांचे कागद चाळले की शहरातले बहुतेक रुग्ण सापडतात. खेड्यात अडचण मुळातच निराळी. बाई दवाखान्यात गेलीच नाही, तर कागद कुठून येणार? आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची रीत आहे, आणि बायकांचं दुखणं तर जावेच्या कानावरही घातलं जात नाही. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईला पुन्हा लाल जायला लागलं, तर ती धडुतं बदलते आणि खुरपायला निघते. पुढे ती घरीच जाते. ग्रामपंचायतीच्या वहीत कारण म्हणून फार तर 'आजारपण' एवढं लिहिलं जातं.

बार्शीच्या पथकाने म्हणूनच कागदांची वाट पाहिली नाही. डॉक्टर नसलेली, पण नीट तयार केलेली माणसं गावोगाव फिरली. गावातल्या जाणत्या लोकांना भेटली. कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं आणि शंका असलेल्यांना बार्शीला यायला राजी केलं. मोजायला गेलेली माणसं शिकवूनही येत होती. काही वर्षांतच दिसलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात पोचू लागल्या आहेत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९९०च्या दशकात प्रसिद्ध केले. नवीन यंत्र आलं नव्हतं, नवीन औषध आलं नव्हतं. कोणीतरी दारात येऊन विचारलं होतं, एवढाच बदल. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग फार मोलाचा वाटतो, आणि तो नेहमी पहिल्या परिच्छेदातच संपवला जातो.

नोंदणीतून जे चित्र पुढे आलं, ते शहराहून वेगळं होतं. मुंबई-पुण्याकडे स्तनाचा कर्करोग वर चढत होता. इथे बायकांच्या एकूण कर्करोगांत निम्म्याच्या आसपास एकटा गर्भाशयमुखाचा, म्हणजे बोलीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. हा आजार दुर्दैवी आहेच, पण त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की तो टाळता येतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, शरीरसंबंधातून शिरतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. काहींच्या शरीरात मात्र ठाण मांडतो, पेशी हळूहळू बिघडवतो आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला सहसा दहा ते वीस वर्षं लागतात. हे नातं जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी उलगडलं आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. दहा-वीस वर्षांची ही मुदत म्हणजे हातात असलेली संधी. तेवढ्या काळात एकदा तरी कोणी नीट पाहिलं, तर बिघडलेला भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो आणि बाई घरी जाते.

नीट पाहायचं ते कसं, हा प्रश्न त्या वेळी जगभर उघडा होता.

इथे थोडं थांबून एक जुना मुद्दा सांगायला हवा. बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवणारे अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी तपासावी यावर एक लेख लिहिला. सेवेकडे तीन बाजूंनी पाहा, असं त्यांचं म्हणणं. आहे काय, म्हणजे इमारत, माणसं, यंत्रं. केलं काय, म्हणजे तपासण्या, शस्त्रक्रिया, गोळ्या. आणि शेवटी झालं काय, म्हणजे माणूस बरा झाला का, जगला का. आरोग्यसेवा आणि तिचे परिणाम यांचा अभ्यास करणारी विद्यापीठांतली केंद्रं पुढे जगभर निघाली, ती प्रामुख्याने या तिसऱ्या प्रश्नाच्या मागे. कारण सरकारी अहवालात पहिले दोनच भरलेले असतात. किती उपकेंद्रं, किती शिबिरं, किती लाभार्थी. धाराशिव २०१८पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, त्यामुळे असे तक्ते इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तोंडपाठ आहेत. शिबिरात तपासलेली बाई पाच वर्षांनी कुठे आहे, हा रकाना त्या तक्त्यात सापडायचा नाही.

हा रकाना भरण्याचं काम १९९९ साली याच जिल्ह्यात सुरू झालं. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्याँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था हे तिघे एकत्र आले. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ल्याँकडून डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन, टाटाकडून डॉ. केतायून दिनशॉ आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री, बार्शीकडून डॉ. नेने. टाटा केंद्र २००५पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. म्हणजे हा रुग्णालयाचा उपक्रम होता तसाच तो विद्यापीठीय संशोधनाचाही नमुना ठरतो.

मांडणी वरवर सोपी. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ या वयाच्या, कर्करोग नसलेल्या १,३१,७४६ बायका त्यात आल्या. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे ५२ गट चार भागांत वाटले, प्रत्येकात १३. पहिल्या भागातल्या बायकांना एचपीव्ही चाचणी. दुसऱ्यात पॅप चाचणी, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा चट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागाला या अभ्यासाकडून कोणतीही तपासणी नाही, फक्त माहिती. हा आजार काय असतो आणि तपासणी कुठे होऊ शकते, एवढंच.

बाई-बाईची चिठ्ठी न काढता गावंच्या गावं का वाटली, असं कोणीही विचारेल. समजा एकाच वाड्यातल्या थोरल्या जावेला तपासणी आणि धाकटीला नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ते सगळ्यांना कळणार, आणि धाकटीही येऊन उभी राहणार. यायलाच हवं तिने. पण मग तुलना उरत नाही. गाव हेच एकक धरलं तर कुजबुज, भीती, नर्सबाईवरचा विश्वास या सगळ्या गोष्टी गावाच्या आतच राहतात.

पुढचं काम कष्टाचं होतं. घरोघरी जाऊन वयाप्रमाणे बायकांची यादी करायची. बोलावायचं. उन्हाळ्यात लग्नसराई, पावसाळ्यात पेरणी, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर. यातून दिवस काढायचे. गावात तात्पुरता दवाखाना मांडायचा, पडदा लावायचा, आणि ज्या बाईने बाळंतपणाखेरीज कधी कोणासमोर पाय फाकवले नाहीत तिला टेबलावर झोपायला तयार करायचं. हे सगळं प्रशिक्षित नर्सबाईंनी केलं. बोलावलेल्या दहांपैकी सुमारे आठ जणी आल्या. बाहेरच्या देशांतल्या तज्ज्ञांना हा आकडा पाहून नवल वाटलं असेल. मला त्यात १९८७पासून गावात पाय झिजवणाऱ्या माणसांची पुण्याई दिसते. परंडा-भूमच्या बायकांना बार्शीचा दवाखाना परका नव्हता.

प्रत्येक बाईची तपासणी एकदाच झाली. जिच्यात दोष दिसला तिची पुढची तपासणी आणि उपचार झाले. त्यानंतर वाट पाहिली आणि मोजत राहिले, आठ वर्षं.

निकाल २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तो सावकाश वाचावा लागतो, कारण त्यात एक चकवा आहे.

आठ वर्षांत गर्भाशयमुखाचे कर्करोग किती सापडले? तपासणी न झालेल्या भागात ११८. एचपीव्ही चाचणीच्या भागात १२७. पॅपच्या भागात १५२. आम्ल लावून पाहण्याच्या भागात १५७. म्हणजे तपासणी केली तिथे कर्करोग जास्त! एखादा घाईतला माणूस म्हणेल, तपासणीनेच आजार वाढला. एखादा उत्साही अधिकारी उलट म्हणेल, आम्लाच्या तपासणीने सर्वांत जास्त रुग्ण शोधले, तीच उत्तम. दोघेही चुकतात. तपासणी केली की गपचूप वाढत असलेले, बाईला अजून न जाणवलेले कर्करोग लगेच उघडे पडतात, म्हणून संख्या फुगते. किती सापडले यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून पुढचा रकाना. पसरलेल्या, म्हणजे दुसऱ्या किंवा त्याहून पुढच्या टप्प्यातल्या रुग्ण किती? तपासणी नसलेल्या भागात ८२. आम्लाच्या भागात ८६. पॅपच्या भागात ५८. एचपीव्हीच्या भागात ३९.

आणि मृत्यू? तपासणी नसलेल्या भागात ६४. आम्लाच्या भागात ५६, पॅपच्या भागात ५४. हे दोन्ही फरक इतके लहान की ते केवळ योगायोगानेही पडू शकले असते. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. दर वर्षी दर लाख बायकांमागे हिशेब केला तर जवळपास २६ विरुद्ध १३. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने या आजाराचे मृत्यू निम्म्यावर आले होते. शिवाय जिच्यात विषाणू नाही असं चाचणीने सांगितलं, तिला पुढच्या आठ वर्षांत हा कर्करोग होण्याचं प्रमाण फारच थोडं निघालं. पॅप किंवा आम्लाच्या तपासणीत 'काही नाही' असं सांगून घरी पाठवलेल्या बायकांमध्ये ते त्याच्या चौपटीहून जास्त होतं. म्हणजे ही चाचणी धोका ओळखत होती, आणि ज्या बाईला धोका नाही तिला निर्धास्तही करत होती. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ती का, हे पुढे येईल.

त्याच अंकातल्या संपादकीयाचं शीर्षक 'भारताकडून जगाकडे' अशा अर्थाचं होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हा कर्करोग हद्दपार करण्याचं जागतिक धोरण जाहीर केलं आणि २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्या निर्णयामागच्या पुराव्यांत धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांचं देणं मोठं आहे. विकसित देशांत चाचणीची अचूकता मोजणारे अभ्यास झाले होते. या चाचणीने मृत्यू कमी होतात हे समोरासमोर तुलनेत दाखवलं ते या जिल्ह्याने.

आता त्या ६४ जणींकडे वळलं पाहिजे.

चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांना अभ्यासाने तपासणी दिली नाही. त्यातल्या ६४ जणी ज्या आजाराने गेल्या, तो आजार वेळेत सापडला असता तर त्यातल्या कित्येक वाचल्या असत्या. हे आता आपल्याला त्याच अभ्यासामुळे ठाऊक आहे. यावरून मोठा वाद झाला. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी या आणि अशाच दुसऱ्या भारतीय अभ्यासांवर आक्षेप घेतला, आणि २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये त्याची उघड चर्चा झाली. आक्षेप थोडक्यात असा: पॅप चाचणी १९४०च्या दशकापासून जगाला माहीत आहे, तिने अनेक देशांत मृत्यू कमी केले आहेत, मग तपासणीविना एक गट ठेवायची गरजच काय? तीन पद्धतींचीच आपसात तुलना करता आली असती. संशोधकांची बाजू अशी की त्या काळी ग्रामीण भारतात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती; चौथ्या गटाकडून काही काढून घेतलेलं नाही; आणि आपल्या परिस्थितीत कोणती पद्धत खरोखर जीव वाचवते हे तुलनेशिवाय कळलं नसतं. पॅप चाचणी इथे एका फेरीत ठोस फरक पाडू शकली नाही, हेच त्याचं उदाहरण.

दोन्ही बाजू मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. माझं मत असं बनलं आहे: तुलनेचा गट ठेवणं हा शास्त्राचा भाग असू शकतो, पण 'इथे नाहीतरी काहीच मिळत नाही' हा युक्तिवाद मला पटत नाही. इथे काही मिळत नव्हतं हा निसर्गाचा नियम नव्हता, आपल्या सर्वांच्या वर्षानुवर्षांच्या हयगयीचा तो परिणाम होता. हयगयीला आधार धरून अभ्यास रचला, तर अभ्यास संपल्यावर ती हयगय भरून काढणं हे कर्ज ठरतं. संशोधकांपेक्षाही ते कर्ज शासनाच्या डोक्यावर जास्त आहे.

ते फेडलं गेलं का? २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या सूचना काढल्या. पद्धत निवडली ती आम्ल लावून पाहण्याची. या निवडीला आधार नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये प्रशिक्षित नर्सनी हीच पद्धत वापरून मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी केले होते, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. शास्त्री यांच्या पथकाने चार फेऱ्या करून ३१ टक्क्यांनी. पद्धत स्वस्त, निकाल तिथल्या तिथे. पण तिचं यश हातावर आणि नजरेवर अवलंबून असतं. सराव सुटला, देखरेख सुटली की ती नावापुरती उरते. आणि मुळात तपासणी झाली किती? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांना विचारलं, ही तपासणी कधीतरी झाली आहे का? शंभरातल्या दोघीही 'हो' म्हणाल्या नाहीत.

तपासणीची ही रिकामी जागा रिकामी राहिली नाही. तिथे भीती शिरली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जात असल्याचं २०१९ साली उजेडात आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक होती, आणि फडावरचं काम, मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी ही त्यातली मोठी. पण कितीतरी बायकांनी सांगितलं ते एकच: पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेले, डॉक्टर म्हणाले, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ज्या बाईला साधा जंतुसंसर्ग होता तिला 'तुला धोका नाही' असं खात्रीने सांगणारी चाचणी पलीकडच्याच जिल्ह्यात सिद्ध झाली होती, त्याला तोवर दहा वर्षं उलटली होती. तिशीत पिशवी गेलेल्या बाईची कंबर, हाडं, मोळी उचलायची ताकद यांचं पुढे काय होतं, हा तर पुन्हा परिणामांचाच प्रश्न.

अमेरिकेत असाच एक शोध १९७३ साली जॉन वेन्बर्ग यांनी मांडला होता. व्हरमाँट राज्यात ते राहत होते त्या भागातल्या एका गावात पंधरा वर्षांपर्यंतच्या सुमारे २० टक्के मुलांचे टॉन्सिल काढलेले, तर लगतच्या गावात सुमारे ७० टक्के मुलांचे. मुलं सारखीच, हवापाणी सारखंच. फरक होता तो डॉक्टरांच्या सवयीत. पुढे डार्टमाउथला त्यांनी यासाठी स्वतंत्र केंद्र उभं केलं. तालुकावार पिशव्या किती काढल्या जातात, कोणत्या वयात, कोणत्या कारणाने आणि कोणत्या तपासणीनंतर, याचा असा नकाशा मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा दर वर्षी निघायला हवा. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. रुग्णालयांनी खरी नोंद द्यायची आणि विद्यापीठाने ती उघडपणे छापायची, एवढ्यावर भागतं.

इथे हे काम करू शकणारी माणसं नाहीत, असंही नाही. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण संकुल १९८६पासून आहे. धाराशिवला मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. या संस्थेच्या मदतीने इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४-१५मध्ये जिल्ह्यातल्या १,०१० किशोरवयीन मुलींचं रक्त तपासलं. ८७ टक्के मुलींचं हिमोग्लोबिन कमी होतं. लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम देशात त्याआधीच सुरू झालेला होता. गोळी वाटली, ही झाली सेवा. रक्त वाढलं का, हा परिणाम. दोन्हींच्या मध्ये किती मोठी दरी असू शकते ते या आकड्यात दिसतं.

बार्शी केंद्राच्या वाट्याला जगाला उपयोगी पडलेली आणखी एक गोष्ट आली, तीही अडथळ्यातून. २००९ साली एचपीव्ही लशीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात, हे पाहायला भारतात नऊ ठिकाणी मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. बार्शी त्यातलं एक. २०१०च्या एप्रिलमध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. लशीशी त्यांचा संबंध नव्हता, असं चौकशीत पुढे दिसलं. थांबवल्यामुळे सुमारे ५,००० मुली एकाच डोसवर राहिल्या. अभ्यास मोडला असं म्हणून कोणीही ही मोजणी सोडून दिली असती. इथल्या माणसांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. त्यांची लग्नं झाली, त्या दुसऱ्या गावी गेल्या, तरी त्यांना गाठून नमुने घेतले. दहा वर्षांनी, २०२१ साली निकाल आला: मुख्य दोन विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं, दोन-तीन डोसांइतकंच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोसही चालेल असा सल्ला दिला. गरीब देशांचा लशीचा खर्च त्याने एकदम खाली आला.

आणि १९८७ची ती मोजणीही चालू राहिली. पुढे धाराशिव आणि बीड हे दोन्ही जिल्हे मिळून स्वतंत्र नोंदणी उभी राहिली. २०१२-१६च्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या सर्व नोंदण्यांमध्ये कर्करोगाचं सर्वांत कमी प्रमाण याच दोन जिल्ह्यांत निघालं: वयानुसार समायोजित दर लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि बायकांत ४९.४. आकडा कमी आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. खेड्यातलं कष्टाचं जगणं हे त्याचं एक कारण असेल. निदानाविना घरीच गेलेली माणसं हेही कारण असू शकतं, आणि ती माणसं शोधायला पुन्हा दारोदारच जावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे एचपीव्ही चाचणीसाठी नमुना आता बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते, पडद्याआड, कोणासमोर टेबलावर न झोपता. ज्या लाजेने इतक्या बायकांना घरात रोखून धरलं, तिच्यावरचा हा उतारा आहे. आशाताईने नळी द्यायची, बाईने नमुना द्यायचा, उपकेंद्रातून तो प्रयोगशाळेत जायचा. धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला ही चाचणी मोफत मिळाली पाहिजे, आणि सुरुवात चौथ्या भागातल्या त्या तेरा गटांच्या गावांपासून झाली पाहिजे. तोवर हे वाचणाऱ्याने निदान आपल्या घरापुरतं पाहावं. आई, बहीण, वहिनी, कामाला येणाऱ्या मावशी, ज्या कोणी तीस ते साठच्या दरम्यान असतील, त्यांना जवळच्या जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन जा आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या.